खारवट जमिनीतील कोवळे रोप आणि पालाशाचा प्रश्न

रब्बीची पेरणी होऊन पंधरा-वीस दिवस लोटले म्हणजे काळ्या जमिनीच्या बागायती पट्ट्यात एक दृश्य हटकून नजरेस येते. शेताच्या वरच्या अंगास पीक एकसारखे उगवलेले असते. उताराच्या बाजूस मात्र नांग्या पडलेल्या असतात, ढेकळांच्या माथ्यावर पांढुरकी बुरशीसारखी साय धरलेली असते, आणि जी रोपे उगवली ती खुरटून त्यांच्या खालच्या पानांचे शेंडे करपलेले असतात. नीरा, प्रवरा, कृष्णा, वारणा व पंचगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यास हे दृश्य नवे नाही. नवे आहे ते त्यावरील उपायांविषयी चाललेले दुमत. दुकानदार म्हणतो, पालाशाचे खत टाका, खारटपणा मारला जाईल. दुसरा जाणता गृहस्थ म्हणतो, काळ्या रानात पालाश मुबलक आहे, एक पैसाही त्यापायी खर्चू नका. या दोन्ही सल्ल्यांत अर्धे सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यावर केलेला खर्च बहुधा पूर्ण वाया जातो. म्हणून कोवळ्या रोपाला मीठ नेमके काय करते व पालाश त्यात कोठवर उपयोगी पडतो, याचा नीट विचार होणे अगत्याचे आहे.

रोपावर येणारे दुहेरी संकट

खारवट जमिनीतील रोपावर दोन संकटे येतात. एक तत्काळ व दुसरे हळूहळू. पहिले तहानेचे. मातीतील पाण्यात क्षार अधिक विरघळले म्हणजे ते पाणी मुळांस सहजासहजी ओढून घेता येत नाही. जमीन ओली असते, वाफसाही असतो, तरी बी फुगण्यास उशीर लागतो, कोंब उशिरा वर येतो आणि आलेले रोप दुपारी माना टाकते. ओल्या जमिनीत तहानलेले रोप, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

दुसरे संकट विषाचे. जमिनीतील क्षारांत सोडियमचा भरणा मोठा असतो. सोडियम व पालाशातील पोटॅशियम ही मूलद्रव्ये एकमेकांची जवळची नातलग होत. मुळाच्या पेशींना पोटॅशियम हवे असते. परंतु बाहेर सोडियमची गर्दी झाली म्हणजे पोटॅशियमसाठी असलेल्या वाटांनी सोडियमही आत शिरते. एवढ्यावरच भागत नाही. सोडियमच्या माऱ्याने पेशींचे आवरण ढिले पडून आत साठविलेले पोटॅशियम बाहेर झिरपू लागते. म्हणजे नको ते आत येते आणि हवे ते बाहेर जाते, असा दुहेरी तोटा एकाच वेळी होतो.

पोटॅशियम गमावणे रोपाला परवडणारे नाही. वनस्पतीतील पन्नासाहून अधिक विकरांचे कार्य पोटॅशियमच्या उपस्थितीत चालते. नवी प्रथिने घडविण्यास ते लागते. पानांवरील सूक्ष्म छिद्रांची उघडझाप करून पाण्याची उधळपट्टी थांबविणे हेही त्याचेच काम. सोडियम दिसावयास त्याचा भाऊबंद असला तरी ही कामे त्याच्याने होत नाहीत. पेशीत त्याचे प्रमाण वाढले म्हणजे चालू कामेही बंद पडतात. वाढलेल्या झाडास जुन्या पानांत सोडियम कोंडून नवी पाने वाचविता येतात. कोवळ्या रोपास मुळात पानेच दोन-तीन. ते कोंडणार कोठे? बियात साठविलेला पालाश पहिल्या थोड्या दिवसांस पुरतो. तो संपून मुळांनी स्वतः कमाई करावयास लागावे, नेमक्या त्याच वेळी वरच्या दोन-तीन इंचांत क्षार सर्वांत अधिक असतात. कारण उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार वरच्या थरात मागे राहतात. पिकाचे भवितव्य या पहिल्या तीन आठवड्यांत ठरते, ते याचमुळे.

तक्ता आणि रोप

निरनिराळ्या पिकांच्या क्षारसहनशीलतेचे तक्ते सर्वत्र उपलब्ध आहेत. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ८ डेसिसायमन प्रति मीटर होईपर्यंत सातूचे उत्पन्न घटत नाही, कपाशीचे सुमारे ७.७ पर्यंत, गव्हाचे सुमारे ६ पर्यंत, भाताचे ३ पर्यंत, आणि ऊस व मका यांचे अवघे १.७ पर्यंत, असे त्यांत सांगितलेले असते. आकडे खरे आहेत. पण ते मुख्यत्वे हाती आलेल्या पिकाच्या उत्पन्नावरून काढलेले आहेत, रोपावरून नव्हेत. सातू व गहू उगवणीच्या वेळी ४ ते ५ च्या पुढे टिकाव धरीत नाहीत. भाताचे बी खारात बऱ्यापैकी रुजते, मात्र दोन-तीन पानांवर आलेले त्याचे रोप अतिशय नाजूक असते. तक्त्यात कपाशी अथवा गहू वरच्या ओळीत आहे, एवढ्यावरून पेरणी करणारा शेतकरी उगवणीलाच फसतो.

दुसरी फसगत आकड्यांच्या मापाची. बहुतेक प्रयोगशाळांत एक भाग मातीत दोन ते अडीच भाग पाणी घालून त्या निवळीची वाहकता मोजतात व तीच जमीन आरोग्य पत्रिकेवर लिहितात. तक्ते मात्र संपृक्त अर्काचे असतात. भारी जमिनीत संपृक्त अर्काची वाहकता निवळीच्या दोन-तीन पट किंवा त्याहूनही अधिक भरते. पत्रिकेवर १.५ हा आकडा पाहून “तक्त्यातील मर्यादेच्या खूप आत आहे” असे समाधान मानणे चुकीचे होय. निवळीचा आकडा १ च्या वर गेला की नाजूक पिकांच्या उगवणीस धोका आहे, असेच समजावे.

‘रानात पालाश मुबलक आहे’ हे कितपत खरे?

काळ्या भारी जमिनीच्या पत्रिकेत उपलब्ध पालाशासमोर ‘जास्त’ किंवा ‘अत्यंत जास्त’ असा शेरा बहुधा असतो, आणि तो खोटा नसतो. साध्या गोड्या रानात त्यावर विसंबून पालाशावरील खर्च कमी करणे शहाणपणाचेच आहे. खारवट रानात मात्र प्रश्न जमिनीत पालाश किती आहे हा नसून मुळाला तो किती मिळतो हा असतो. अंगणात धान्याची रास आहे, पण दारात गर्दी इतकी की घरधन्यासच आत जाता येत नाही. तशी मुळाची स्थिती होते. म्हणून “पालाश आहे, काही करावयास नको” हा सल्ला खारवट रानातील रोपाला लागू पडत नाही.

परंतु यावरून “अधिक पालाश टाका” असा निष्कर्ष निघतो काय? येथे थोडा हिशेब करावा. एक हेक्टर रानातील वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २० लाख किलो माती असते. तीत शेकडा ०.२ क्षार धरले, तरी ते ४,००० किलो होतात. त्यांच्या गर्दीत पालाशाच्या खताची दोन पोती, म्हणजे १०० किलो, टाकून खारटपणा ‘मारला’ जाईल, असे मानणे व्यवहाराला धरून नाही. पालाश क्षारांचा नाश करीत नाही, त्यांना जमिनीतून हलवीत नाही, आणि म्युरेट ऑफ पोटॅश हे तर स्वतःच एक क्षार आहे. त्यात शेकडा ६० पालाश असतो व वजनाचा जवळजवळ निम्मा भाग क्लोराइडचा असतो.

हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. विहिरीच्या पाण्याची वाहकता १ डेसिसायमन असेल, तर त्याच्या प्रत्येक लिटरात सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. आठ सेंटिमीटरची एक पाळी दिली की हेक्टरी ५०० किलोंच्या आसपास क्षार रानात येऊन पडतात. अशा वीस पाळ्यांत दहा हजार किलो होतात. निचऱ्याची वाट नसेल तर हे सारे तेथेच राहते. रोग अशा मापाने येत असता औषध पोत्याच्या मापाने शोधणे ही मोठीच विसंगती होय.

आधी वाट, मग चुना, मग पालाश

हा विषय महाराष्ट्रात आजचा नाही. नीरा कालव्याचे पाणी रानोरानी फिरू लागल्यावर काही वर्षांतच जमिनी बिघडल्याच्या तक्रारी सुरू झाल्या, आणि पुणे कृषि महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन व व्ही. ए. तम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. शतकाहून अधिक काळच्या अनुभवाचे सार एका वाक्यात सांगता येते: ज्या वाटेने क्षार बाहेर जातील ती वाट प्रथम मोकळी करावी. उघडा चर असो वा जमिनीखालून घातलेली सच्छिद्र नळी असो, निचरा झाल्याशिवाय धुपणी नाही आणि धुपणीवाचून सुटका नाही. शिरोळ तालुक्यासारख्या भागांत शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भूमिगत निचऱ्याची कामे उभी केली ती याच जाणिवेने. एकट्याच्या रानातून काढलेले पाणी शेजाऱ्याच्या रानात सोडता येत नाही; म्हणून हे काम गावाचे आहे, एका घराचे नव्हे.

निचऱ्याचा लाभ क्षार वाहून नेण्यापुरताच नाही. सोडियमला बाहेर रोखून धरण्यास मुळाला शक्ती खर्चावी लागते व त्यासाठी श्वास घ्यावा लागतो. पाणथळ रानात मुळांना हवाच नाही, तर पहारा कोण करणार? दलदल व खार एकत्र आले की रोप एकट्या खाराहून कितीतरी लवकर मरते, त्याचे कारण हेच.

यानंतर चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा विचार. सामू ८.५ च्या वर, पाणी जिरत नाही, वाळल्यावर जमीन दगडासारखी, भिजल्यावर साबणासारखी, ही चोपण जमिनीची खूण. येथे मातीच्या कणांनाच सोडियम चिकटलेले असते व ते धुऊन जात नाही. जिप्सममधील कॅल्शियम त्याची जागा घेते आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर खाली उतरते. जिप्समचे प्रमाण अदमासाने न ठरविता माती तपासून ठरवावे. कॅल्शियमचे आणखी एक कार्य फारसे बोलले जात नाही: मुळांच्या पेशींचे आवरण ते घट्ट राखते, आणि आवरण घट्ट असेल तरच पोटॅशियम व सोडियम यांतील निवड मुळाला करता येते. अर्थात, ज्या चोपण रानात कॅल्शियमची उणीव आहे तेथे दिलेला पालाश रोपापर्यंत पोहोचण्याची आशा थोडीच. येथे साध्या चुन्याच्या निवळीवर किंवा रानातील चुनखडीवर विसंबू नये. चोपण जमिनीतील चुनखडी पाण्यात जवळपास विरघळत नाही.

या दोहोंनंतर पालाशाचे स्थान येते. ते तिसरे आहे, पण नगण्य नाही. निचरा झालेल्या व सुधारणेस लागलेल्या रानात रोपाजवळ पालाशाचा पुरवठा नीट असला तर पानांत पोटॅशियमचे प्रमाण टिकते, सोडियमचा वाटा घटतो आणि रोप सावरण्यास मदत होते. मात्र ते देण्याची रीत सांभाळली पाहिजे.

पालाश देताना

पालाशाचे खत बियाशेजारी अथवा उसाच्या टिपरीखाली कधीही पडू देऊ नये. गोड्या रानात जे सहन होते ते खाऱ्या रानात बियाच्या कडेचा खार आणखी वाढवून उगवणच मारते. शक्य तेथे म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे. त्यात पालाश शेकडा ५० असतो, क्लोराइड नसते व मुळांवरील क्षारांचा भारही कमी पडतो. ते महाग पडते हे खरे. म्हणूनच सर्व रानभर न फेकता रोपवाटिका व नाजूक पिके यांपुरते ते राखून ठेवणे इष्ट. म्युरेटच द्यावयाचे असल्यास एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत, रोप स्थिर झाल्यावर, बाजूस देऊन वर हलके पाणी द्यावे.

पालाशाचा दुसरा स्रोत घरचाच आहे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात शेकडा अर्ध्याच्या आसपास पालाश असतो; दहा टन शेणखताने हेक्टरी सुमारे ५० किलो पालाश मिळतो, शिवाय माती भुसभुशीत होऊन पाणी जिरू लागते. उसाचे पाचट जाळण्याऐवजी रानात आच्छादन म्हणून ठेविले तर त्यातील पालाश परत मिळतो आणि जमिनीवरील बाष्पीभवन घटून क्षार वर येण्याचे प्रमाणही कमी होते. चुलीची राख मात्र विचार करून वापरावी. तिच्यात पालाश आहे, पण ती स्वतः अल्कधर्मी आहे. आधीच सामू वाढलेल्या चोपण रानात राख टाकणे म्हणजे दुखणे वाढविणे होय.

पेरणीची रीतही पालाशाइतकीच महत्त्वाची आहे. सरी-वरंब्यावर क्षार वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतात. बी माथ्यावर न टोकता वरंब्याच्या बगलेस टोकावे. पेरणीपूर्वी चांगल्या पाण्याची भरपूर पाळी देऊन वरचा थर धुऊन घ्यावा, रोप लहान असताना हलक्या पाळ्या लवकर लवकर द्याव्यात, आणि बियाणे नेहमीपेक्षा काहीसे अधिक वापरावे.

कोकणातील व गव्हाच्या रानातील धडा

घाटावरील शेतकऱ्याने कोकणच्या खार जमिनीकडे एकदा पाहावे. तेथे समुद्राची भरती बांधाने अडवितात, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडतात आणि जून-जुलैच्या सरींनी वरचा थर धुऊन निघाल्यावरच लावणी करतात. भाताचे रोप शक्य तेथे गोड्या उंच जागेवर तयार करतात व ते काहीसे जून झाल्यावर खारात आणतात. मीठ तेच, भातही तेच. पण नाजूक तीन आठवडे मिठाबाहेर काढले की पीक हाती लागते. पोत्यातील औषधाहून वेळेचे हे गणित अधिक मोलाचे आहे. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने निवडलेल्या भाताच्या जाती याच शेतीसाठी आहेत.

गव्हाचे उदाहरणही बोधप्रद आहे. सरबती गव्हाच्या मुळांत व खोडात सोडियम अडवून पोटॅशियम वर पाठविण्याचा आनुवंशिक गुण आहे. बन्सी गव्हात तो नाही. म्हणून खारवट रानात बन्सीपेक्षा सरबती अधिक तग धरतो. राजस्थानातील जुन्या खारचिया गव्हाची ख्याती याच कारणाने झाली. पोटॅशियमची निवड जे बीज स्वतः करते, ते निवडणे हाही एका अर्थी पालाशाचाच उपाय आहे, आणि त्यास वेगळे पैसे पडत नाहीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याची जबाबदारी

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेविली पाहिजे. पालाशाच्या उणिवेने जुन्या पानांच्या कडा व शेंडे करपतात; मिठाच्या विषानेही जुन्या पानांचे शेंडे व कडाच प्रथम करपतात. बांधावर उभे राहून पान पाहून सल्ला देणारा येथे हमखास चुकतो. करपलेले पान दिसले की पालाश लिहून देणे सोपे आहे. शेतकऱ्यालाही काही केल्याचे समाधान मिळते आणि दुकानातील पोते उठते. परंतु देशाची पालाशाची गरज मुख्यत्वे आयातीवर भागते, आणि ज्याच्या रानात पाणी साचले आहे त्याने निचऱ्याचे पैसे पालाशात घातले तर पुढल्या वर्षी त्याच्या हाती पैसाही नसतो व रानही नसते.

म्हणून सल्ला देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. खड्डा खणून पाण्याची पातळी किती खोल आहे. रानाचा सामू व वाहकता किती. विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली आहे काय. आणि पाण्यास बाहेर जाण्यास वाट आहे काय. जमीन आरोग्य पत्रिकेत सामू व वाहकता मिळते, परंतु मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण त्या पत्रिकेत नसते, सामू ८.५ च्या वर दिसताच ती तपासणी वेगळी करवून घ्यावी. नमुना चांगल्या व वाईट भागांचा एकत्र न करता निरनिराळा घ्यावा, अन्यथा सरासरीत रोग लपून जातो.

पालाश हा खारवट रानातील रोपाचा मित्र आहे, यात शंका नाही. परंतु दाराशी पूर उभा असता मित्राला घरात बोलावून भागत नाही. आधी पुराला वाट द्यावी लागते. ज्या गावात चराची कुदळ आधी पडेल, जिप्सम तपासणीनंतर पडेल आणि पालाश बियापासून दूर व बेताने पडेल, त्या गावातील नांग्या भरून निघतील. हा क्रम उलटा केला तर खर्च वाढेल, क्षार वाढतील, आणि पंधराव्या दिवशी दिसणारे ते करपलेले शेंडे दरसाल त्याच जागी दिसत राहतील.